कारचा अलार्म, इमोबिलायझर आणि चिपची किल्ली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. जालना, बीड, परभणी या बाजूंनी येणारे गाडीमालक अलार्म आणि किल्ली यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. बहुतेकांचा भरवसा भोंग्यावर असतो. प्रत्यक्षात गाडी जागेवर रोखून धरते ती किल्लीच्या मुठीतील, बोटाच्या पेराहूनही लहान असलेली चिप. आणि म्हणूनच गाडीइतकीच काळजी किल्लीची घ्यावी लागते, हे पुढील बहुतेक उत्तरांमधून दिसेल.

सेंट्रल लॉक, अलार्म आणि इमोबिलायझर हे सगळे एकच असते का?

नाही. रिमोटचे एक बटण दाबले की तिन्ही गोष्टी एकदम घडल्यासारख्या वाटतात, त्यामुळे हा गैरसमज फार पसरलेला आहे. सेंट्रल लॉक चारही दारे आणि डिक्की एकाच वेळी बंद करते. त्याचे काम तेवढेच. अलार्म म्हणजे लॉक केलेल्या गाडीचे दार कोणी उघडले तर हॉर्न किंवा भोंगा वाजवून आणि इंडिकेटर लुकलुकवून ओरडणारा पहारेकरी. तो ओरडतो, पण कोणाला अडवत नाही. इमोबिलायझर मात्र आवाज करत नाही आणि दारालाही हात लावत नाही. ओळखीची किल्ली जवळ नसेल तर तो इंजिन चालू होऊ देत नाही. त्याला चालू किंवा बंद करण्यासाठी कोणतेही बटण नसते; इग्निशन बंद होताच तो आपोआप लागू होतो, मग तुम्ही दारे लॉक केली असोत वा नसोत.

तुमच्या गाडीत यांपैकी काय आहे हे मॉडेलच्या नावावरून ठरत नाही, तर व्हेरियंटवरून ठरते. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटमध्ये इमोबिलायझर असतो पण अलार्म नसतो, असे अनेकदा आढळते. गाडीबरोबर मिळालेल्या मालकपुस्तिकेत याची स्पष्ट नोंद असते.

किल्लीतील चिप नेमके काय करते? सेल संपला तरी गाडी सुरू कशी होते?

जी किल्ली फिरवून गाडी सुरू होते, तिच्या मुठीत दोन वेगळी यंत्रे एकत्र बसवलेली असतात. एक रिमोट, ज्याला सेल लागतो. दुसरी चिप, जिला सेल लागत नाही. इग्निशनच्या लॉकभोवती तांब्याच्या तारेचे एक कडे बसवलेले असते. तुम्ही किल्ली घालून फिरवली की या कड्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झ किंवा १३४ किलोहर्ट्झ कंपनसंख्येचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रातूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते. विहिरीवरच्या मोटारीला खांबावरून वीज मिळते, तशी या चिपला गाडीच वीज पुरवते. फरक एवढाच की येथे मध्ये तार नसते आणि अंतर काही सेंटिमीटरचे असते. त्यामुळे रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी किल्लीने दार उघडून गाडी नेहमीसारखी सुरू करता येते.

जुन्या चिपा फक्त आपला ठरलेला क्रमांक सांगत. असा क्रमांक एकदा ऐकला की त्याची नक्कल करता येते. नंतरच्या पद्धतीत गाडी प्रत्येक वेळी एक नवा, कधीही न वापरलेला आकडा चिपला पाठवते. चिप आपल्याजवळच्या गुप्त संख्येच्या आधारे त्यावर गणित करून उत्तर परत देते. आणि गाडीही आपल्या बाजूने तेच गणित करून दोन्ही उत्तरे ताडून पाहते. गुप्त संख्या हवेतून कधीच जात नाही, जाते ते फक्त त्या वेळेपुरते उत्तर. आजचा प्रश्न उद्या पुन्हा येत नसल्यामुळे आजचे उत्तर चोरून ठेवून काही उपयोग होत नाही. हा सगळा व्यवहार सेल्फ फिरायच्या आत, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात उरकतो.

चिप नसलेली डुप्लिकेट किल्ली बनवून घेतली तर चालेल का?

दार उघडेल, इग्निशनही फिरेल. काही गाड्यांमध्ये सेल्फच लागणार नाही. काहींमध्ये इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडेल आणि डॅशबोर्डवर किल्लीच्या किंवा कुलपाच्या आकाराचा दिवा लुकलुकेल. अनेक जण अशी गाडी फ्युएल पंपाचा बिघाड समजून टोचन करून आणतात. तो दिवा लुकलुकत असेल तर पंप उघडण्यापूर्वी दुसरी मूळ किल्ली लावून पाहावी. माझ्या अनुभवात निम्मे काम तेथेच संपते.

मूळ किल्ली असूनही कधी कधी गाडी किल्ली ओळखत नाही, असे का होते?

सर्वांत साधे कारण म्हणजे दोन चिपच्या किल्ल्या एकाच कडीत अडकवलेल्या असणे. घरात दोन गाड्या असल्या की दोन्हींच्या किल्ल्या एकत्र ठेवण्याची सवय लागते, आणि मग इग्निशनभोवतीच्या तारेच्या कड्याजवळ दोन्ही चिपा एकदम बोलू लागतात. जाड धातूचे किचेन मुठीला चिकटून असेल तरीही क्षेत्र दुबळे होते. किल्ली पाण्यात पडणे, कपड्यांबरोबर धुतली जाणे किंवा उंचावरून फरशीवर आपटणे हीही कारणे आहेत. मूठ जुनी झाली म्हणून नवे कव्हर बसवताना आतली चिप जुन्या कव्हरातच राहून फेकली गेल्याचे प्रकार तर मी अनेकदा पाहिले आहेत. कव्हर बदलणाऱ्याला चिप दाखवायला सांगावी आणि ती नव्या मुठीत बसल्याची खात्री करूनच जुने कव्हर टाकावे.

रिमोटची लहर कोणी पकडून ठेवली तर नंतर तो गाडी उघडू शकतो का?

रिमोट साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि तो संदेश प्रत्येक दाबाला बदलतो. किल्लीत आणि गाडीत एक मोजणी चालू असते. आधी वापरलेला आकडा गाडी पुन्हा स्वीकारत नाही. खिशात बटण सारखे दाबले जाऊन किल्लीची मोजणी थोडी पुढे गेली तरी गाडी काही अंतरापर्यंत ते समजून घेते. मोजणी फारच पुढे गेली तर रिमोट चालेनासा होतो आणि मालकपुस्तिकेतील पद्धतीने दोघांचा मेळ पुन्हा घालावा लागतो.

खरा धोका वेगळाच आहे. चोर जवळ उभा राहून त्याच कंपनसंख्येवर गोंगाट सोडतो, तुम्ही चालता चालता मागे न पाहता बटण दाबता, आणि गाडीला तो संदेश पोहोचतच नाही. गाडी उघडीच राहते. तुळजापूरला नवरात्रात किंवा लग्नसराईत लॉन्सबाहेर जेथे शेकडो गाड्या उभ्या असतात, तेथे इंडिकेटर लुकलुकल्याचे डोळ्यांनी पाहावे, लॉकचा आवाज ऐकावा आणि एकदा दाराची मूठ ओढून पाहावी. यापेक्षा स्वस्त उपाय दुसरा नाही.

कंपनीच्या अलार्मला काय काय कळते? काच फोडून बॅग नेली, तरी अलार्म का वाजला नाही?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये कंपनीने बसवलेला अलार्म फक्त गाडीची कड राखतो. चारही दारांचे, डिक्कीचे आणि अनेक गाड्यांत बॉनेटचे छोटे स्विच त्याला जोडलेले असतात. दार उघडले की आतला दिवा ज्या स्विचमुळे लागतो, तोच स्विच अलार्मलाही खबर देतो. काच फोडून हात आत घातला आणि दार न उघडता सीटवरची बॅग उचलली, तर एकही स्विच हललेला नसतो; म्हणून अलार्म गप्प राहतो. तो बिघडलेला नसतो. काच पाहण्याचे काम त्याला कधी दिलेलेच नव्हते.

महागड्या गाड्यांमध्ये आणखी काही संवेदक असतात. छताजवळ बसवलेला अल्ट्रासॉनिक संवेदक आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडून त्याचा प्रतिध्वनी तपासतो, त्यामुळे आत हात हलला तरी त्याला कळते. कल मोजणारा संवेदक गाडी जॅकवर उचलली किंवा टोचन लावून ओढली तर ओरडतो. काही भोंग्यांमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, म्हणजे मुख्य बॅटरीची तार कापली तरी आवाज बंद होत नाही. साध्या गाड्यांमध्ये वेगळा भोंगा नसतो, गाडीचा हॉर्नच वाजतो; आणि हॉर्नची तार तोडली की अलार्मची वाचा जाते. बॉनेटचा स्विच याचसाठी महत्त्वाचा असतो आणि धुळीने तो खराब झाला म्हणून कायमचा काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हिशेबाची रोकड सीटवर ठेवून, अलार्म आहे या भरवशावर पाच मिनिटांसाठी उतरणाऱ्या मंडळींनी हे उत्तर पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मध्यरात्री काही कारण नसताना अलार्म वाजतो. काय तपासावे?

क्रमाने पाहावे. प्रथम बॉनेटचा स्विच: शेतरस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातील काळा चिखल त्यात बसला की तो बॉनेट बंद असूनही उघडे असल्याचे सांगतो. नंतर दारे आणि डिक्की, कारण अर्धवट लागलेले दार एखाद्या जड वाहनाच्या धक्क्यानेही स्विच हलवते. तिसरे कारण दुबळी झालेली बॅटरी. रात्री व्होल्टेज खाली आले की काही गाड्यांच्या अलार्मला कोणीतरी बॅटरीशी छेडछाड करत असल्यासारखे वाटते. अल्ट्रासॉनिक संवेदक असेल तर काच खाली राहणे, आरशाला टांगलेली माळ वाऱ्याने हलणे किंवा आत अडकलेली चिमणी एवढेही पुरते.

आपल्या भागात चौथे कारण फार मोठे आहे, आणि ते म्हणजे उंदीर. कापसाच्या गोदामाजवळ, ज्वारीच्या कडब्याच्या गंजीशेजारी किंवा उसाच्या फडालगत गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटखालच्या ऊबेत शिरून वायरींची आवरणे कुरतडतात. उघडी पडलेली तार गाडीच्या पत्र्याला टेकली की स्विच दाबल्यासारखाच परिणाम होतो. अशी वायर टेप गुंडाळून भागवू नये, कारण इमोबिलायझरच्या वायरीही त्याच जुडग्यातून जाऊ शकतात आणि पुढच्या वेळी गाडी रस्त्यात बंद पडेल.

रिमोट चालत नव्हता म्हणून किल्लीने दार उघडले, तर आपल्याच गाडीने ओरडायला सुरुवात केली. असे का?

गाडी रिमोटने लॉक झाली असेल आणि दार किल्लीच्या पात्याने उघडले, तर अनेक गाड्यांचा अलार्म ते घुसखोरी मानतो. पात्याची नक्कल रस्त्याकडेचा चावीवालाही करू शकतो, म्हणून गाडी पात्यावर विश्वास ठेवत नाही. घाबरून न जाता आत बसावे, किल्ली इग्निशनमध्ये घालून फिरवावी. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून ते दाबावे. चिप ओळखली गेली की अलार्म थांबतो. काहीच केले नाही तरी साधारण अर्ध्या मिनिटाने एक फेरी संपते, पण ती पुन्हा सुरू होऊ शकते.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा रात्रभर लुकलुकतो. त्याने बॅटरी उतरत नाही का?

त्या दिव्याला अगदी नगण्य वीज लागते. मात्र गाडी बंद असतानाही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ आणि संगणक मिळून थोडी वीज खातच असतात. हा खर्च साधारण ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास होतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर महिनाभरात तिची जवळजवळ निम्मी वीज संपते. नोकरीसाठी पुण्याला राहणारी आणि गावाकडच्या वाड्यात गाडी ठेवणारी मंडळी दिवाळीनंतर थेट उन्हाळ्यात परततात, तेव्हा बॅटरी बसलेली असते यात नवल नाही. आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी गाडी अर्धा तास चालवून घ्यावी.

बॅटरी पूर्ण बसली तरी इमोबिलायझर तुमची किल्ली विसरत नाही, कारण किल्ल्यांची नोंद ज्या स्मृतीत असते तिला टिकून राहण्यासाठी वीज लागत नाही. नवी बॅटरी जोडताना अलार्म अचानक वाजू शकतो. किल्ली हाताशी ठेवूनच टर्मिनल बसवावे.

बटणाच्या गाडीत किल्ली खिशातच असते. मग गाडी तिला कशी ओळखते, आणि त्यात धोका काय?

अशा गाडीच्या दारांत आणि आत मिळून अनेक छोट्या अँटेना असतात. तुम्ही दाराची मूठ धरली किंवा तिच्यावरचे बटण दाबले की अँटेना साधारण एक मीटरच्या परिसरात हलकी हाक देते. ती हाक फार दूर जाऊ नये म्हणून तिची कंपनसंख्या मुद्दाम कमी ठेवलेली असते. किल्ली ती ऐकते आणि आपले उत्तर ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीने देते, जी सहज दहा-वीस मीटर तरी जाऊ शकते. गाडीचा तर्क सरळ असतो: माझी हाक एक मीटरच जाते, उत्तर आले, याचा अर्थ किल्ली एक मीटरच्या आत आहे.

चोर नेमका हाच तर्क मोडतात. एक जण गाडीजवळ उभा राहून ती हाक पकडतो आणि पुढे पाठवतो. दुसरा घराच्या भिंतीशी उभा राहून तीच हाक पुन्हा निर्माण करतो. दारामागच्या खिळ्याला टांगलेली किल्ली ती ऐकते आणि प्रामाणिकपणे उत्तर देते. कोणतेही कोडे सोडवावे लागत नाही. फक्त अंतर खोटे केले जाते. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर ही युक्ती करून पाहिली आणि दहाही गाड्या उघडून सुरू झाल्या. गणित कितीही कठीण केले तरी या हल्ल्यावर उपाय होत नाही. उत्तर येण्यास किती वेळ लागला हे अत्यंत सूक्ष्मपणे मोजून अंतर ठरवावे लागते, आणि अलीकडच्या काही गाड्यांमध्ये अल्ट्रा-वाइडबँड नावाच्या तंत्राने तेच केले जाते. काही किल्ल्या थोडा वेळ हलल्या नाहीत की झोपी जातात, हाही चांगला बंदोबस्त आहे.

आपल्या हातात आहे ते असे: किल्ली रस्त्याकडच्या भिंतीला किंवा दाराजवळ टांगू नये, आतल्या खोलीत ठेवावी. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर आणखी बरे. मात्र डब्यात ठेवल्यावर तो गाडीजवळ नेऊन दार उघडते का ते एकदा तपासावे, कारण प्रत्येक डबा लहरी अडवतोच असे नाही. किल्ली गाडीपासून दूर ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. गाडी अगदी भिंतीपलीकडेच उभी असेल तर काही मॉडेलांमध्ये दोघांचे बोलणे चालूच राहते आणि किल्लीचा सेल लवकर संपतो.

या किल्ल्यांमध्ये बहुधा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला तर मुठीतील लपवलेले पाते काढून दार उघडावे आणि किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून ते दाबावे. काही गाड्यांत यासाठी गिअरजवळ वेगळा खाचा असतो. सेल नसतानाही हे शक्य होते, कारण या किल्लीतही वर सांगितलेली बिनसेलची चिप असतेच. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापते. किल्ली डॅशबोर्डवर विसरू नये, सेल आणि आतली सर्किटची पाटी दोन्ही खराब होतात.

इंजिन चालू असताना किल्ली गाडीपासून दूर गेली तर इंजिन बंद पडते का?

पडत नाही, आणि पडूही नये. धावत्या गाडीचे इंजिन किल्लीचा सेल संपल्यामुळे बंद पडले तर जिवावर बेतेल. गाडी फक्त सूचना देते. याचाच दुसरा अर्थ असा की रसवंतीसमोर एसी चालू ठेवून, किल्ली खिशात घेऊन उतरलात, तर कोणीही गाडीत बसून ती नेऊ शकतो आणि इंजिन बंद करेपर्यंत हवी तितकी दूर नेऊ शकतो. आत मूल असेल तर हा प्रकार किती गंभीर होऊ शकतो ते वेगळे सांगायला नको.

मग चोर इमोबिलायझर चुकवतच नाहीत का?

चुकवतात, पण त्यासाठी आता यंत्रे लागतात, आणि हा फरक फार मोठा आहे. युरोपीय संघात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये आणि कॅनडात २००७ मध्ये. नेदरलँड्समधील दोन अर्थतज्ज्ञांनी १९९५ ते २००८ या काळातील चोऱ्या तपासल्या, तेव्हा इमोबिलायझरमुळे वाहनचोरीचे एकूण प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तेथे ह्युंदाई आणि किआ या कंपन्यांच्या अनेक मॉडेलांच्या साध्या किल्लीच्या गाड्या इमोबिलायझरविना विकल्या गेल्या, आणि २०२१-२२ मध्ये समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती पाहून पोरेसोरेही त्या चोरू लागली. स्टिअरिंगखालचे कव्हर काढले की काम होत होते. चिप नसलेली गाडी किती उघडी असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

चिपच्या गणितातही दुबळेपणा सापडलेला आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ४० बिटांची गुप्त संख्या वापरणारी एक प्रचलित चिप फोडून दाखवली. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, संगणकाला वाटत नाही. नव्या चिपांमध्ये १२८ बिटांची पद्धत वापरली जाते आणि ती अशा रीतीने, एकेक शक्यता तपासून फुटत नाही.

म्हणून चोर गणित सोडून बाजूच्या वाटा शोधतात. एक वाट म्हणजे स्टिअरिंगखालचे तपासणीचे सॉकेट, ज्याला आम्ही गॅरेजवाले स्कॅनर लावतो. काच फोडून, त्या सॉकेटला यंत्र लावून नवी किल्ली गाडीच्या नोंदीत घालण्याचे प्रकार घडतात. दुसरी वाट २०२३ मध्ये ब्रिटनमधील तज्ज्ञांनी उघड केली: बंपर सैल करून हेडलाइटच्या वायरींतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरायचे आणि ‘किल्ली ओळखली’ असा खोटा संदेश तेथेच सोडायचा. तिसरी वाट सर्वांत जुनी आहे. टोचन लावून किंवा ट्रकवर चढवून नेलेल्या गाडीला कोणतीही चिप थांबवू शकत नाही.

किल्ली हरवली. आता काय करावे?

दुसरी किल्ली असेल तर काम सोपे आहे, पण पुढे ढकलू नये. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करावी, आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जावे आणि नवी किल्ली घेताना हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीतून पुसून टाकण्यास आवर्जून सांगावे. पुष्कळ लोक नवी किल्ली करून घेतात आणि जुनी नोंद तशीच ठेवतात. मग ती हरवलेली किल्ली ज्याच्या हाती लागेल त्याच्यासाठी गाडी सुरू होणारच. नोंद पुसली तरी पाते दाराला लागतेच, एवढे लक्षात ठेवून गाडीत किमती वस्तू ठेवू नयेत.

दोन्ही किल्ल्या हरवल्या तर खर्च बराच वाढतो, कारण काही गाड्यांमध्ये इमोबिलायझरचे युनिट किंवा लॉकचा पूर्ण संच बदलावा लागतो. शिवाय गाडी चालत नसल्यामुळे ती गावाहून उचलून आणावी लागते. दुसरी किल्ली गाडी घेतल्या दिवसापासून घरातल्या कपाटात सुरक्षित ठेवावी. गाडीच्या कप्प्यात ती कधीही ठेवू नये. किल्लीबरोबर छोटा क्रमांक कोरलेली पट्टी मिळाली असेल तर ती आरसीबरोबर जपून ठेवावी, त्यावरून पाते कापता येते.

बाजारातल्या कुशल कारागिराकडून चिपची किल्ली होत नाही असे नाही. पण तो मनुष्य ओळखीचा हवा, आणि काम आपल्यासमोर व्हायला हवे. हेच लॉन्सवर गाडी लावून देणाऱ्या अनोळखी मुलाच्या हाती किल्ली देण्याबाबतही खरे आहे. ठरलेला क्रमांक सांगणाऱ्या जुन्या चिपेची नक्कल काही मिनिटांत होते.

बाहेरून जास्तीचा अलार्म किंवा जीपीएस बसवावा का?

जीपीएस बसवण्यास माझा पाठिंबा आहे, कारण गाडी उचलून नेली तरी ती कोठे आहे ते कळते. गिअर लॉक आणि स्टिअरिंग लॉकही बसवावेत. लोखंड दिसले की चोराला वेळेचा हिशेब करावा लागतो. बाहेरच्या अलार्मविषयी मात्र सावध राहावे. कंपनीच्या वायरी कापून जोडलेला अलार्म वॉरंटीत अडचण आणतो, आणि बटणाच्या गाडीत एक किल्ली डॅशबोर्डमागे कायमची लपवून चालणारी रिमोट स्टार्टची जोडणी तर इमोबिलायझरचा अर्थच संपवते. एआरएआय या पुण्याच्या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या विमाहप्त्यात २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सवलत देण्याची तरतूद वाहनविम्याच्या दरपत्रकात आहे. प्रमाणपत्र जपून ठेवावे.

गाडी चोरीला गेलीच, तर पहिल्या तासात काय करावे?

११२ क्रमांकावर फोन करावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवावा. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे म्हणून परत पाठवले जाऊ नये यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये कोणत्याही ठाण्यात माहिती देण्याची सोय आहे; माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवावे. गुन्हा तत्काळ नोंदवला असेल तर केवळ कंपनीला कळवण्यास उशीर झाला म्हणून चोरीचा खरा दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे, तरी वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. फास्टॅगचे टोल कापल्याचे संदेश लगेच पुसू नयेत. गाडी कोणत्या दिशेने गेली ते त्यावरून कळते आणि तपासाला मदत होते.

विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली कमी असेल तर ती गाडीतच राहिली होती का, हा पहिला प्रश्न विचारला जातो आणि दावा अडतो. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा ‘अ’ समरी अहवाल (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असे सांगणारा) आणि त्यावर न्यायालयाचा आदेश लागतो, त्यास काही महिने लागू शकतात. रक्कम मिळते ती पॉलिसीतील घोषित मूल्यानुसार. शोरूमची किंमत मिळत नाही, ती हवी असल्यास त्यासाठीचे वेगळे संरक्षण आधीच घेतलेले असावे लागते.

जुनी गाडी विकत घेताना किल्लीबाबत काय पाहावे?

व्यवहार पक्का करण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या मागाव्यात आणि दोन्हींनी गाडी प्रत्यक्ष सुरू करून पाहावी. नंतर स्कॅनर लावून इमोबिलायझरमध्ये किती किल्ल्यांची नोंद आहे ते वाचून घ्यावे. बहुतेक गाड्यांत हे काही मिनिटांचे काम आहे. हाती दोन किल्ल्या आणि नोंदीत तीन असतील, तर तिसरी कोणाकडे आहे याचे उत्तर मालकाला द्यावे लागेल. समाधान झाले नाही तर सर्व नोंदी पुसून हातातल्या दोनच किल्ल्या पुन्हा नोंदवून घ्याव्यात आणि त्याचा खर्च किमतीतून वळता करावा. एमएच-२० पासून एमएच-२६ पर्यंतच्या आणि एमएच-३८ च्या गाड्या आपल्या भागात रोज हात बदलतात. त्यांचे टायर आणि रंग सगळे तपासतात, नोंदीतल्या किल्ल्या मोजणारा क्वचितच भेटतो.